अठरावं सरलं की अनुदान बंद: क्वाझुलू-नाताळमधल्या ‘ब्लेसर’ नात्यांचा प्रकरण अभ्यास

जानेवारी २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या उथुकेला जिल्ह्याच्या महापौर दुदू माझिबुको यांनी उच्च शिक्षणासाठी सोळा मुलींना शिष्यवृत्ती जाहीर केली. अट अशी, की शिक्षण चालू आहे तोवर मुलीने कौमार्य राखायचं आणि सुट्टीत घरी आली की तपासणी करून घ्यायची. तपासणीत नापास झाली की पैसे बंद. एचआयव्ही आणि नको असलेली गरोदरपणं रोखण्यासाठी हे करतोय, असं महापौरबाईंचं म्हणणं. देशभर गदारोळ झाला आणि जूनमध्ये तिथल्या स्त्री-पुरुष समानता आयोगाने ही अट घटनाबाह्य ठरवली.

त्याच वर्षी ‘ब्लेसर’ हा शब्द देशात घरोघरी पोचला. तरुण मुलीचा खर्च उचलणारा, वयाने आणि खिशाने मोठा असलेला पुरुष म्हणजे ब्लेसर. ‘शुगर डॅडी’ त्याआधीही होतेच. नवं होतं ते इन्स्टाग्रामवर उघडपणे मिरवणं. पोरींनी ब्लेसरच्या पायऱ्याही पाडल्या होत्या. पहिल्या पायरीचा फोनचा रिचार्ज मारून देतो, दुसऱ्या पायरीचा केसांचे आणि कपड्यांचे पैसे देतो, तिसरीचा आयफोन आणि परदेशवारी, आणि सगळ्यात वरचा म्हणजे सरकारी टेंडरांवर गब्बर झालेला. वर्तमानपत्रांनी वरच्या पायऱ्या उचलून धरल्या, कारण त्यांचे फोटो चांगले येतात. पण बहुसंख्य नाती पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच संपतात, आणि प्रश्नही तिथेच आहे.

महापौरांची शिष्यवृत्ती आणि ब्लेसरचा रिचार्ज यांतलं साम्य त्या वेळी फार थोड्यांनी बोलून दाखवलं. दोन्हीकडे मुलीच्या हातात पैसे पडतात आणि दोन्हीकडे पैसे देणारा तिच्या शरीरावर हक्क सांगतो. मुलीला पैसे लागतात कशासाठी आणि ते तिला दुसरीकडून का मिळत नाहीत, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे बाजूलाच राहतो.

पन्नाशीचा की तिशीचा?

मोठ्या वयाच्या पुरुषांबद्दलची ही घबराट उगाच नव्हती. २०१२ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ५.६ टक्के निघालं, त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये ०.७ टक्के. आठपट. शाळा एक, वस्ती एक, मग एवढा फरक कुठून आला? मुलींना हा संसर्ग वर्गातल्या मुलांकडून होत नव्हता, हे आकड्यांतच दिसत होतं. त्याच पाहणीत या वयाच्या मुलींपैकी ३३.६ टक्के जणींचा जोडीदार पाच वर्षांहून अधिक मोठा असल्याचं आढळलं.

प्रांताच्या आरोग्य खात्याने त्याच वर्षी शुगर डॅडींविरुद्ध रस्त्यावर फलक लावले होते. शुगर डॅडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोट सुटलेला, पन्नाशी ओलांडलेला, मर्सिडीजवाला गृहस्थ येतो. पण तो गृहस्थ या गोष्टीत क्वचितच आहे.

हे कळलं ते विषाणूच्या जनुकांवरून. गांधीजींना ज्या पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनवर १८९३ साली गाडीतून उतरवलं, त्या शहराला लागून एडनडेल ही मोठी वस्ती आहे आणि तिच्या पश्चिमेला डोंगराळ, खेडवळ वुलिंडलेला. डर्बनच्या ‘कॅप्रिसा’ या संशोधन संस्थेने २०१४-१५ मध्ये या दोन्ही भागांत हजारो लोकांची तपासणी केली आणि १,५८९ बाधितांच्या विषाणूंचे जनुकीय क्रम ताडून पाहिले. एचआयव्ही सतत बदलत असतो. त्यामुळे दोन माणसांच्या शरीरातला विषाणू फार सारखा असेल, तर ती दोघं एकाच साखळीतली. निष्कर्ष जुलै २०१६ मध्ये डर्बनच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत मांडले गेले. पंचविशीच्या आतल्या मुलींशी जोडले गेलेले पुरुष त्यांच्याहून सरासरी ८.७ वर्षांनी मोठे होते. २५ ते ४० वयाच्या बायकांशी जोडलेल्या पुरुषांमध्ये हे अंतर जेमतेम वर्षभराचं, १.१.

म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलीचा माणूस सत्तावीस-अठ्ठावीसचा. बहुधा टॅक्सी चालवणारा, नगरपालिकेत लागलेला, पोलिसात असलेला, दुकानात सुपरवायझर. श्रीमंत नव्हे, फक्त महिन्याला पगार घेणारा. या पुरुषांपैकी ३९ टक्के जण त्याच सुमाराला आपल्या वयाच्या एखाद्या बाईशीही जोडलेले होते, आणि २५ ते ४० वयाच्या बायकांमध्ये त्या भागात एचआयव्हीचं प्रमाण होतं ५९.८ टक्के. आजची मुलगी पुढे याच वयात जाते, तिच्या वयाच्या पुरुषाला संसर्ग होतो, तो एखादी विशीतली मुलगी गाठतो. चक्र असं फिरत राहतं.

प्रांताच्या उत्तरेला उमखान्याकुडे भागात अनेक वर्षं चाललेल्या एका अभ्यासाने मात्र २०१४ मध्ये सांगितलं होतं, की वयातल्या अंतरामुळे तिथल्या तरुणींचा धोका वाढलेला दिसत नाही. तेव्हा ‘मोठा पुरुष म्हणजे विष’ असं सरसकट लिहिणं घाईचं ठरेल. माझ्या लेखी या संशोधनाचं महत्त्व वेगळं आहे. मुलीचा माणूस नेमका कोणत्या वयाचा, हे त्याने दाखवलं. आणि त्या वयाच्या माणसाची ऐपत म्हणजे बहुतेकदा एक साधी नोकरी, हे एकदा लक्षात आलं की पुढचा हिशेब मांडता येतो.

महिन्याचा हिशेब

समजा, एडनडेलमध्ये राहणारी एकोणीस वर्षांची मुलगी आहे. बारावी झालीय; तिथे तिला मॅट्रिक म्हणतात. ही कोणा एकीची गोष्ट नाही, आकडे मात्र खरे आहेत. साल २०१६.

वर्षभरापूर्वीपर्यंत तिच्या नावाने घरात बालसंगोपन अनुदान येत होतं. १९९८ मध्ये सुरू झालेली ही योजना दक्षिण आफ्रिकेच्या सामाजिक सुरक्षेचा कणा आहे. पैसे आईच्या किंवा आजीच्या हातात पडतात. एप्रिल २०१६ ला रक्कम होती महिन्याला ३५० रँड (रँड हे तिथलं चलन). मूल अठरा वर्षांचं झालं की बंद. त्यानंतरचं पुढचं नियमित अनुदान म्हणजे वृद्धापकाळ पेन्शन, ते साठीला. मधल्या बेचाळीस वर्षांत धडधाकट पण बेकार माणसाला सरकारकडून महिन्याचे म्हणून काही मिळत नव्हतं. गृहीत असं, की तो काम करेल.

काम? २०२४ च्या पहिल्या तिमाहीतही १५ ते २४ वयोगटातली अधिकृत बेकारी ५९.७ टक्के होती. यात निराश होऊन काम शोधणंच सोडलेले धरलेले नाहीत.

आणि काम शोधायलाही पैसे लागतात. वर्णभेदाच्या राजवटीत काळ्यांच्या वस्त्या शहरापासून मुद्दाम लांब वसवल्या. डर्बनमध्ये केटो मॅनर ही वस्ती उठवून लोकांना क्वामाशूला आणि उमलाझीला नेलं गेलं, ते याच धोरणाने. राजवट १९९४ मध्ये गेली, अंतरं तिथेच राहिली. अर्ज द्यायला जायचं तर मिनीबस टॅक्सीचं भाडं, तेही बहुतेकदा दोन टप्प्यांचं. दाखल्यांच्या झेरॉक्स काढायच्या, त्या पोलीस ठाण्यात साक्षांकित करून घ्यायच्या. नोकरीच्या जाहिराती ऑनलाइन, अर्जही ऑनलाइन; आणि २०१६ मध्ये मोठ्या कंपन्यांचा महिनाभराचा एक जीबी डेटा १४९ रँडला होता. घरातल्या धाकट्या भावाच्या अख्ख्या महिन्याच्या अनुदानातले चाळीस टक्क्यांहून अधिक. सप्टेंबर २०१६ मध्ये तरुणांनी ट्विटरवर डेटाच्या दरांविरुद्ध मोहीम उघडली, ती चैनीसाठी नव्हती.

पहिल्या पायरीचा ब्लेसर फक्त रिचार्ज मारतो म्हणून आपण हसतो. त्या मुलीच्या घरात तो रिचार्ज किती मोठा आहे, हे या हिशेबावरून कळावं.

मिनीबस टॅक्सी हे या नात्यांचं एक ठाणंच आहे. पंधरा-सोळा आसनांची टोयोटा. बहुतेकदा कंडक्टर नसतो, मागच्या रांगेतून भाड्याचे पैसे हातोहात पुढे येतात, पुढच्या सीटवर बसलेला मोजतो, सुटे परत मागे जातात. ड्रायव्हरशेजारच्या त्या सीटवर रोज एखादी शाळेच्या गणवेशातली किंवा नुकती शाळा सुटलेली मुलगी दिसली, की मागचे सगळे समजून जातात. तिला भाडं पडत नाही, कधी दुपारच्या खाण्याचे पैसेही मिळतात, आणि मैत्रिणींमध्ये वट राहते. केप टाउनकडे अशा मुलींना ‘टॅक्सी क्वीन’ म्हणतात. आपल्याकडे अहिल्याबाई होळकर योजनेतल्या मोफत एसटी पासावर गावातल्या मुली हायस्कूलला जाताना ज्यांनी पाहिल्यात, त्यांना रोजच्या भाड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण एवढ्यावरच थांबलो तर हिशेब अर्धा राहील, आणि बरेच भलेपणाने लिहिणारे लोक इथेच थांबतात: बिचारी गरीब, उपाशी, म्हणून नाइलाजाने. प्रत्यक्षात मुलींच्या यादीत पिठाच्या गोणीबरोबर केसही असतात. ‘ब्राझिलियन’ नावाने विकले जाणारे खऱ्या माणसाच्या केसांचे गुच्छ हजारो रँडला जातात. नावात ब्राझील असलं तरी या जागतिक व्यापाराचा मोठा पुरवठादार भारत आहे. तिरुपतीला देवाला वाहिलेले केस लिलावात निघतात आणि त्याच बाजारात जातात. मुलीला हे केस हवे असतात, चांगले बूट हवे असतात, शुक्रवारी रात्री शहरात जायचं असतं. यावर नाक मुरडणं सोपं आहे. पण दक्षिण आफ्रिका हा जगातला सर्वांत विषम देशांपैकी एक. तिथे मॉलमधल्या दुकानात कामासाठी उभं राहायचं तर कशी दिसतेस यावरही ठरतं. ‘गरज’ आणि ‘हौस’ यांच्यामधली रेघ पगारदार माणसाला स्वच्छ दिसते; एकोणीस वर्षांच्या बेकार मुलीसाठी नीट दिसणं हे कामाच्या शोधाचं भांडवलही आहे.

या नात्यांवर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी कारणांच्या तीन चौकटी केल्या आहेत: मूलभूत गरज, सामाजिक दर्जा आणि प्रेमाची भौतिक खूण. तिसरी सर्वांत कमी चर्चेत असते, आणि मला तीच सर्वांत अवघड वाटते.

गाई गेल्या, भेटवस्तू राहिल्या

झुलू समाजात लग्न म्हणजे इलोबोलो. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी गाई द्यायच्या. नाताळच्या ब्रिटिश वसाहतीत थिओफिलस शेपस्टोन या अधिकाऱ्याने १८६९ मध्ये सामान्य माणसासाठी दहा गाईंचा आकडा कायद्यात बसवला. आईची म्हणून एक वेगळी. अकरा हा आकडा तेव्हापासून चिकटला तो आजतागायत. आता बोलणी रँडमध्ये होतात, एका ‘गाई’चा भाव ठरवून. खाणीत किंवा कारखान्यात कायम नोकरी असलेला माणूस काही वर्षांत ही रक्कम जमवू शकायचा. मग नोकऱ्याच गेल्या.

मांडेनी हे डर्बनच्या उत्तरेचं गाव याचं उदाहरण. शेजारच्या इसिथेबे औद्योगिक वसाहतीत १९८० च्या दशकात सवलतींच्या आमिषाने तैवानी मालकांचे कपड्यांचे कारखाने आले, बायका शिवणकामाला लागल्या. १९९० च्या दशकात आयात शुल्क उतरलं, स्वस्त कपडा बाहेरून आला, कारखाने आटले. या भागात दीर्घकाळ काम केलेले भूगोलतज्ज्ञ मार्क हंटर यांची मांडणी अशी, की बेकारीने लग्नच आवाक्याबाहेर गेलं, पण पुरुषाने द्यायचं आणि त्यातून प्रेम सिद्ध करायचं ही रीत काही गेली नाही. लग्नाचं वचन गळून पडलं, देणं उरलं.

हे लक्षात घेतलं की ब्लेसरचं नातं देहविक्रयापेक्षा वेगळं का, तेही समजतं. भाव ठरलेला नसतो. पैसे वस्तूंच्या रूपाने, अधूनमधून, ‘तुझी आठवण आली’ म्हणून येतात. दोघं एकमेकांना बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंड म्हणतात आणि बरेचदा ते खरंही असतं. काहीच न देणारा पुरुष मुलीच्या मैत्रिणींच्या लेखी प्रेमच करत नाही. आपल्याकडेही स्थळ आलं की मुलगा कमावतो किती, हे आधी विचारतात. त्याला कोणी व्यवहार म्हणत नाही.

मुली स्वतःला बळी म्हणवून घेत नाहीत. त्यांच्या बोलण्यात ‘वाहतूकमंत्री’ असतो, ‘अर्थमंत्री’ असतो. एकाकडे भाडं, एकाकडे घरखर्च. गमतीचा भाग सोडला तर यात शहाणपण आहे: एकावरच विसंबलं तर तो सोडून गेल्यावर सगळंच जातं. घरच्यांना माहीत नसतं असंही नाही. स्वयंपाकघरात तेलाची बाटली आणि मक्याच्या पिठाची पिशवी येते. आई डोळ्यांवर कातडं ओढून घेते. ज्या घरात आजीच्या पेन्शनवर सात जण जेवतात, तिथे ‘हे कुठून आणलंस’ हा प्रश्न विचारणं आईलाही परवडत नाही.

निवड दारापर्यंतच

मुलीला निवड असते, हे खरं. कोणाशी बोलायचं, कोणाचा फोन उचलायचा, कोणाला झुलवत ठेवायचं, हे ती ठरवते. नातं सुरू झाल्यावर हा ताबा झपाट्याने कमी होतो. ज्याने महिनाभर खर्च केला त्याला निरोध वापर म्हणणं अवघड जातं. म्हटलं तर ‘माझ्यावर विश्वास नाही का’ किंवा ‘दुसरा कोण आहे’ हा प्रश्न येतो. जोहान्सबर्गच्या सोवेटो वस्तीतल्या दवाखान्यांत गरोदर बायकांमध्ये झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २१.१ टक्के जणींनी मुख्य जोडीदाराखेरीज कोणाशी तरी पैशांच्या किंवा वस्तूंच्या बदल्यात संबंध आल्याचं सांगितलं. अशा बायकांमध्ये एचआयव्हीची शक्यता दीडपट होती. जोडीदाराकडून मारहाण सोसणाऱ्यांमध्ये अशा संबंधांचं प्रमाणही जास्त आढळलं.

कायदा इथे फारसा उपयोगी पडत नाही. संमतीचं वय सोळा. अठरा-एकोणीसच्या मुलीच्या नात्यात पोलिसांना काही काम नाही, आणि असूही नये. ती प्रौढ आहे. सरकारच्या लेखी ती इतकी प्रौढ आहे, की तिचं अनुदानही बंद झालंय.

पैसे देऊन पाहिले

मुलींना सरळ पैसेच दिले तर? हा प्रयोग झाला, आणि त्याचे निकाल आपसांत जुळत नाहीत म्हणूनच ते बोलके आहेत.

मलावीच्या झोंबा जिल्ह्यात २००८-०९ मध्ये अविवाहित मुलींच्या घरी महिन्याला ४ ते १० डॉलर आणि मुलीच्या हातात १ ते ५ डॉलर देण्यात आले. नेमकी रक्कम सोडतीने ठरली. अठरा महिन्यांनी, प्रयोगाच्या सुरुवातीला शाळेत असलेल्या मुलींपैकी पैसे मिळालेल्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण १.२ टक्के आणि न मिळालेल्यांमध्ये ३ टक्के निघालं. शाळेत हजर राहण्याची अट घातली किंवा नाही घातली, संसर्गाच्या बाबतीत फरक पडला नाही. पैसे मिळालेल्या मुलींचे जोडीदारही वयाने लहान होते. पैसे थांबल्यावर मात्र बराचसा फायदा ओसरला.

दक्षिण आफ्रिकेत म्पुमलांगा प्रांतातल्या अगिनकोर्ट परिसरात, क्रुगर अभयारण्याच्या जवळ, २०११ पासून असाच प्रयोग झाला. अडीच हजारांहून अधिक शाळकरी मुली. शाळेत ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला ३०० रँड. त्यातले १०० मुलीच्या स्वतःच्या खात्यात, २०० पालकांना. निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले: संसर्गात फरक शून्य. पैशांनी काही होत नाही, असा अर्थ अनेकांनी लगेच काढला.

तो अर्थ मला उथळ वाटतो. पैसे न मिळालेल्या गटातल्या मुलींचीही हजेरी ९५ टक्क्यांच्या आसपास होती, कारण बालसंगोपन अनुदान तिथे आधीपासून पोचलेलं होतं. ज्या भांड्यात पाणी आहे त्यातच आणखी ओतलं. तरीही पैसे मिळालेल्या मुलींना जोडीदाराकडून होणारी मारहाण सुमारे एकतृतीयांशाने कमी झाली, हे मथळ्यांत आलं नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बारावी झाली की पैसे बंद. मुलगी शाळेत आहे तोवर घर, शाळा आणि अनुदान या तिघांच्या नजरेत असते. शाळेचं फाटक बंद झालं की तिन्ही एकदम सुटतात. नेमक्या त्याच टप्प्यावर प्रयोगाने हात काढून घेतला.

तिसरा प्रयोग पैशांचा नव्हताच. पश्चिम केनियात अर्थतज्ज्ञ पास्कलिन ड्यूपा यांनी ३२८ शाळांपैकी ७१ शाळांत चाळीस मिनिटांचा एक तास घेतला. ‘संयम पाळा’ असं सांगितलं नाही. जवळच्या शहरात कोणत्या वयाच्या किती पुरुषांना एचआयव्ही आहे, एवढंच फळ्यावर मांडून दाखवलं. वर्षभरात त्या शाळांतल्या मुलींची गरोदरपणं २८ टक्क्यांनी घटली, आणि ती घट मुख्यतः मोठ्या पुरुषांकडून राहणाऱ्या गरोदरपणांत होती. मुलींनी नाती सोडली नाहीत, जोडीदार बदलला. सरकारी अभ्यासक्रमातल्या संयमाच्या धड्यांनी यातलं काहीच साधलं नव्हतं. मुलीला हिशेब कळतो. तिच्यासमोर पूर्ण आकडे ठेवावे लागतात, इतकंच.

प्रवचन स्वस्त पडतं

जून २०१६ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी तरुणींसाठी तीन वर्षांची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. नाव ‘शी कॉन्कर्स’. म्हणजे जिंकायचंही तिनेच. जानेवारी २०२२ मध्ये लिम्पोपोच्या आरोग्यमंत्री फोफी रामाथुबा एका शाळेत जाऊन मुलींना म्हणाल्या, ‘पुस्तकं उघडा आणि पाय मिटा.’ टीका झाली, आणि २०२४ मध्ये त्या त्याच प्रांताच्या प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री झाल्या.

गाजावाजा न करता झालेल्या काही गोष्टींनी मला वाटतं अधिक काम केलं. १ एप्रिल २०१९ पासून सॅनिटरी पॅडवरचा व्हॅट गेला. स्पर्धा आयोगाने दट्ट्या दिल्यावर एप्रिल २०२० पासून मोठ्या कंपन्यांनी एक जीबीचा पॅक १४९ वरून ९९ रँडवर आणला. २०१८ पासून गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांचा विद्यापीठाचा खर्च सरकार उचलू लागलं. भत्त्याचा हप्ता मात्र वारंवार रखडतो, आणि वसतिगृहात महिनाभर पैसे नाहीत म्हणजे काय होतं, हे वर मांडलेल्या हिशेबावरून कळेल.

औषधांची बाजू तर फार पुढे गेली. रोज घ्यायची प्रतिबंधक गोळी आली. लेनाकॅपाविर या सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनच्या, दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या १६ ते २५ वयाच्या मुलींवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले. इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. मुलीने पुरुषाची परवानगी न मागता घ्यायचं संरक्षण म्हणून ही फार मोठी गोष्ट. पण ते एचआयव्हीपासूनचं संरक्षण. भाड्याचा प्रश्न तिथेच राहतो. आणि अमेरिकी पैशांवर चालणारे तरुणींसाठीचे कार्यक्रम, ज्यांत एडनडेल आणि वुलिंडलेला ज्यात येतात त्या उमगुंगुंडलोवू जिल्ह्याचाही समावेश होता, २०२५ च्या सुरुवातीला निधी आटल्याने कोलमडले.

अठरानंतरची फट बुजवण्याचा एकमेव प्रयत्न कोविडच्या साथीने करायला लावला. मे २०२० मध्ये बेकार प्रौढांसाठी महिन्याला ३५० रँडचं आपत्कालीन अनुदान सुरू झालं. त्यातही सुरुवातीला मेख होती: जी बाई आपल्या मुलाचं बालसंगोपन अनुदान घेते ती अपात्र. म्हणजे एकोणीसची मुलगी आई झाली असेल, तर तिच्या बाळाच्या पैशांकडे बोट दाखवून तिला वगळायचं, आणि बेकार बापाला मात्र मिळणार. ही चूक सुधारायला ऑगस्ट २०२१ उजाडला. रक्कम एप्रिल २०२४ मध्ये ३७० झाली. त्याच वर्षी सरकारी सांख्यिकी खात्याने नुसतं पोट भरायला लागणारी रक्कम ७९६ रँड धरली होती.

पात्रता ठरते ती बँक खात्यावरून. महिन्यात खात्यात ६२४ रँडहून अधिक जमा झाले की अर्ज फेटाळला जातो. पैसे कोणी पाठवले, उसने की मदत म्हणून, याची चौकशी नाही. जमा ते उत्पन्न. जानेवारी २०२५ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने उत्पन्नाची ही व्याख्या बेकायदा ठरवली आणि सरकार अपिलात गेलं. ब्लेसरने एखाद्या महिन्यात सातशे रँड खात्यावर टाकले, तर संगणकाच्या लेखी त्या मुलीला उत्पन्नाचं साधन मिळालेलं असतं.